ढकलत नेलेल्या गाड्या

बुधीने यंदा झोपायची जागा जरा उशिराच बदलली. एरवी ती मोरीच्या दारातल्या गार लादीवर पोट टेकून पडलेली असते. एका सकाळी बघते तर बाईसाहेब उंबऱ्याजवळच्या पायपुसण्यावर, नाक शेपटीत खुपसून. म्हणजे थंडी आली. मुंबईच्या थंडीची दवंडी कुणी पिटत नाही. बाटलीतलं खोबरेल गोठतं, सोसायटीचा वॉचमन कानटोपी चढवतो, आणि आमच्या घरी बुधी लादी सोडते. दरवर्षी हे बघून मला बरं वाटायचं. यंदा वाटलं नाही. थंडी आली म्हणजे गाड्यांचा मेळावा आला, आणि दादा नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, शेखर. वहिनी गेल्या, माझी अंधेरीच्या कचेरीतली नोकरी संपली, तेव्हापासून आम्ही दोघं मुलुंड पूर्वेच्या या दोन खोल्यांत राहत होतो. दोघं म्हणायचं, पण खरं तर तिघं. खाली कंपाउंडात दादाची गाडी होती. सायीच्या रंगाची, गिअर स्टेरिंगच्या दांड्याला असलेली, त्याच्या हाती येईपर्यंत चार घरं फिरून आलेली. आमचे वडील गिरणीत होते आणि जन्मभर पायी चालले. त्यांच्या वाटणीचं बसणंही दादा त्या गाडीत बसून घेत असावा. दर रविवारी तो तिला पुसायचा. घरातलं जुनं बनियन आधी गाडीला जायचं, तिथून उतरलं की मोरीला.

मला गाड्यांचं कधीच कौतुक नव्हतं. माझ्या लेखी वाहनांचे दोनच प्रकार: येते म्हणणारी रिक्षा आणि नाही म्हणणारी रिक्षा. दादा एखाद्या गाडीच्या आवाजावरून तिचं वय सांगायचा तेव्हा मी भाजी निवडत "हो का" म्हणायची. त्याला तेवढंही पुरायचं.

त्याच्यासारखेच जुन्या गाड्यांपायी वेडे झालेले लोक मुलुंड-घाटकोपरमध्ये बरेच निघाले. त्यांचा एक कंपू होता. कंपूचे म्होरके बिपीनभाई, घाटकोपरचे, त्यांचं नळ-तोट्यांचं दुकान. थंडीच्या दिवसांत एका रविवारी सकाळी ही मंडळी कुठल्यातरी मैदानात गाड्या उभ्या करायची. लोकांनी यायचं, पैसे देऊन गाडीत बसायचं, फोटो काढायचे, एक फेरी मारायची, आणि जमेल ते एखाद्या चांगल्या कामाला द्यायचं. मेळाव्याची सुरुवात ठरलेली असे. तिला ते सलामी म्हणत. सगळ्यात म्हाताऱ्या गाडीने आधी इंजिन सुरू करायचं, मग तिच्याहून धाकटीने, मग तिच्याहून. करता करता सगळ्या एकदम धडधडायला लागल्या की एकसाथ हॉर्न. दादा सांगायचा की त्या वेळी त्याच्या अंगावर काटा येतो. मी एकदाच ऐकलं, आणि माझ्याही अंगावर आला. कारण वेगळं होतं.

मी ते ऐकलं त्या वर्षी मेळावा जनावरांच्या निवाऱ्यासाठी करायचा, हे दादानेच सुचवलं होतं.

मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी जाणाऱ्या एका गल्लीच्या टोकाला तो निवारा आहे. पत्र्याच्या शेड, मधोमध अंगण, कडेला जांभूळ. फिनेलचा, शिजत्या भाताचा आणि हळदीचा असा एकत्र वास. तो माझ्या साड्यांना पुढे इतका लागला की आता घरचाच वाटतो. निवारा चालवणाऱ्या सरोजताई म्युनिसिपालिटीच्या इस्पितळातून रिटायर झालेल्या नर्स. तोंडाच्या फटकळ. तिथे इतकी कुत्री-मांजरं येत की नावं सुचायची बंद झाली, म्हणून त्यांनी सरळ वार लावले होते. सोमी, मंगळ्या, शुक्री, दोन-तीन शन्या. बुधी बुधवारी आली. हायवेवर कुठल्यातरी गाडीने उडवलेली, तांबूस, चारही पाय पांढरे. मागचा एक पाय जोडला गेला तो वाकडाच. जखम भरली, पण गल्लीत साधी स्कूटर आली तरी ती भिंतीखालच्या गटाराच्या पाइपात शिरायची आणि आवाज गेल्यावरही बाहेर यायची नाही.

दादा तिथे प्रथम गेला तो घरातल्या जुन्या चादरी द्यायला. परत आला तो बुधीचं नाव घेऊन. मग दर रविवारी जायला लागला. बनियन, पॉलिश, सगळं मागे पडलं. गाडी तो पार मोठ्या रस्त्यावर ठेवून चालत आत जायचा. बुधीपासून लांब जमिनीवर बसायचा, हातात बिस्किट घेऊन, तिच्याकडे न बघता. घरी येऊन सांगायचा, आज दोन हात जवळ आली. आज हात हुंगला. मला त्या कुत्रीत काडीचा रस नव्हता, पण पोळ्या लाटताना मी वाट बघायला लागले होते की आज काय सांगतो.

पुढे त्याने सरोजताईंशी संगनमत केलं. पहाटे, बुधीला शेडमधून सोडायच्या आधी, तो गाडी अंगणात आणून उभी करायचा. दार उघडं टाकून, इंजिन बंद. बुधी बाहेर यायची तेव्हा गाडी म्हणजे नुसती एक वस्तू असायची, जांभळाइतकीच मुकी. तिने आधी चाकं हुंगली. मग दाराशी उभी राहिली. मग एका रविवारी दादा घरी आला आणि चपला न काढताच म्हणाला, "शालू, आज बाय माझ्या गाडयेत झोपली."

मागच्या सीटवर, उन्हात. हा सकाळभर बाहेर जमिनीवर बसून राहिला. पायाला मुंग्या आल्या तरी हलला नाही, म्हणाला.

तेव्हाच ठरलं की तिला घरी आणायचं. मेळावा झाला, गर्दी पांगली, की ती मागच्या सीटवर झोपलेली असताना हळूच निघायचं. मी तोंड वाजवलं. या दोन खोल्यांत कुत्रं येणार असेल तर मी वर्सोव्याला मावशीकडे जाऊन राहीन म्हटलं. आणि शनिवारी बाजारातून स्टीलचं एक पसरट भांडं घेऊन आले. दादाने ते बघितलं आणि बघितलं नाहीसं केलं.

"पण गाडी सुरू केल्यावर ती घाबरली तर?" मी विचारलं.

"माझ्या गाडयेच्या आवाजाक ती घाबरूची नाय," दादा म्हणाला. घरात, माझ्याशी, तो आईच्या मालवणीतच बोलायचा. मी उत्तर आपलं पुस्तकी मराठीत द्यायची. आईनंतर ती भाषा माझ्या तोंडातून गेलीच होती.

त्या रविवारी निवाऱ्याच्या अंगणात दादाची गाडी आणि फाटकाबाहेर गल्लीभर बाकीच्या, नाकाला शेपूट लावून उभ्या होत्या. हिरव्या, काळ्या, एक लाल, छत नसलेली. लोक मुलांना घेऊन आले होते. सरोजताईंनी जनावरं शेडमध्ये कोंडली होती. दादाने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. उन्हाला अजून ताप नव्हता, तोंडातून बोलताना हलकी वाफ येते की काय असं वाटण्याइतपत गारवा होता. बिपीनभाईंनी हात वर केला आणि सलामी सुरू झाली.

एक इंजिन. मग दुसरं. तिसरं. पत्रे थरथरायला लागले. दादाचा नंबर आला तसा तो सवयीने आत बसला आणि त्याने किल्ली फिरवली. मागे वळून बघितलं नाही.

बुधी मागच्या सीटवर होती. शेडच्या फळीखालून ती केव्हाच निसटली होती आणि तिला जगात जी एक जागा भरवशाची वाटत होती तिथे जाऊन झोपली होती. तीच जागा तिच्या पोटाखाली गुरगुरायला लागली. ती ओरडली ते मी ऐकलं. त्या सगळ्या धडधडाटातून ऐकू आलं. ती खिडकीतून पडली म्हणावं की उडी मारली, कळलं नाही. वाकडा पाय ओढत ती पाइपात गेली.

मग एकेक इंजिन बंद झालं. तेव्हा शेडमधलं ऐकू यायला लागलं. कुत्री भुंकत असती तर बरं झालं असतं. ती रडत होती. नखांनी पत्रा ओरबाडत होती. तीन पायांचा मंगळ्या कोपऱ्यात तोंड भिंतीला लावून नुसता थरथरत होता.

सरोजताई बाहेर आल्या. मला वाटलं आता यांची तोफ सुटणार. त्या पायरीवर बसल्या.

"परवानगी मीच दिली," त्या म्हणाल्या. "वाटलं, लोक येतील, चार पैसे येतील. यातली अर्धी गाडीखाली आलेली आहेत, हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? आणि मला सुचलं नाही."

कुणालाच सुचलं नव्हतं. मला त्या मंडळींचा राग आला होता, पण त्यांच्याकडे बघितलं आणि गेला. ती वाईट माणसं नव्हती. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून, डिक्कीत तांदळाची पोती घालून आली होती. आपल्याला जे सगळ्यात सुंदर वाटतं तेच त्यांनी त्या जनावरांपुढे आणून ठेवलं होतं. आपला जीव जडलेल्या गोष्टीचा आवाज दुसऱ्याच्या कानाला कसा लागतो, हे कधी कुणी विचारतो का? माझ्या हातून असं किती वेळा झालं असेल, मी काही मोजायला गेले नाही.

दादा पांढऱ्या शर्टात गटाराशी पालथा पडला होता. "ये गो बाय," म्हणत होता. "भिया नको. मी आसंय हय." पाइपात अंधार होता. आतून श्वास ऐकू यायचा. बिपीनभाई त्याच्या खांद्याला हात लावून म्हणाले, "चल यार शेखर. जानवर है, निकल आएगी." दादा म्हणाला, "तुम्ही जावा." ऊन उतरेपर्यंत तो तसाच होता. मी मागे बसून होते. त्याच्या पाठीकडे बघत. आई गेली तेव्हाही तो रडला नव्हता.

बुधी बाहेर आली दुसऱ्या दिवशी, सरोजताईंनी भात पुढे केला तेव्हा. दादा दिसला की ती परत आत जायची. नुसता दादा, गाडीशिवायचा. मला ते त्याच्याहून जास्त लागलं. स्टीलचं भांडं मी कपाटाच्या वर ठेवून दिलं.

पुढच्या रविवारी दादा म्हणाला, "शालू, चल माझ्यावांगडा." गल्लीच्या तोंडाशी त्याने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

"तुका गाडयेतला काय एक कळना नाय, पण ढकलूक येता मा?"

"माझे गुडघे बघ," मी म्हटलं.

"मगे तू स्टेरिंग धर. मी ढकलतंय."

"अरे पण गाडी घरी का नाही ठेवत? नुसता चालत जा की पूर्वीसारखा."

त्याने बॉनेटवर हात टेकला. मग म्हणाला, "तिका आता माझी नि गाडयेची एकच भीती आसा. गाडी दिसाक होयी. आवाज नको."

अशी मी साठी उलटल्यावर गाडीच्या स्टेरिंगमागे बसले, जिला ब्रेक कुठला हेही सांगावं लागलं. दादा माझ्या खिडकीशी, एक हात दाराच्या खांबाला लावून रेटायचा. गाडी डावीकडे गेली की ओरडायचा, "सरळ धर गो, सरळ!" गल्लीतले लोक गंमत बघायचे. "काका, बॅटरी बसली काय?" "धक्का मारू का?" फाटकाजवळ जरा चढ आहे, तिथे इस्त्रीवाला आणि भाजीवाली हात लावायची. दादा धापा टाकायचा. मी त्याला म्हणायची, पुरे आता, तुझं वय बघ. तो मफलरने घाम पुसायचा. थंडीत घाम.

रविवारमागून रविवार. सकाळचा गारवा ओसरत गेला, जांभळाची पानं गळून नवी पालवी आली, भाजीवालीकडे कैऱ्या दिसायला लागल्या. आधी बुधी पाइपातून नाक काढून बघायची. मग फाटकातून. मुकी गाडी, तिच्याबरोबर चालणारा एक दमलेला माणूस. एका सकाळी ती गल्लीत आली आणि दादाच्या मागोमाग, त्याच्या टाचेशी, तीन पाय टेकत एक उचलत चालायला लागली. मला आरशात दिसलं. दादालाही कळलं असणार, कारण त्याने ओरडणं बंद केलं होतं आणि गाडी चांगली वाकडी चालली होती.

गाडीत मात्र ती पुन्हा कधी चढली नाही. दादाने आग्रहही केला नाही. शेवटी तिला घरी आणलं ते चालत. भल्या सकाळी, आतल्या गल्ल्यांनी. मोठ्या रस्त्याशी आल्यावर दादाने मुद्दाम आणलेला आपला मफलर तिच्या कानांवरून गुंडाळला, तिला उचललं आणि सिग्नल पडल्यावर पलीकडे गेला. रेल्वेच्या पुलावर लोक वळून बघत होते. आयुष्यभर गाडीचं वेड लागलेला माणूस, गाडी मागे ठेवून, मफलर बांधलेलं कुत्रं कडेवर घेऊन चालला होता. घरी आल्यावर मी कपाटावरून भांडं काढलं. "मगे? वर्सोव्याक कधी जातंस?" दादाने विचारलं.

पुढच्या थंडीत बिपीनभाईंचा फोन आला. "शेखर, इस बार सगळे गल्लीच्या बाहेर इंजिन बंद करणार. ढकलत आणू." आणि आणल्या. त्या सकाळचा आवाज मी विसरणार नाही. खडीवर फिरणारी चाकं. चपलांची फरफर. कुठेतरी एक बेअरिंग कुरकुरत होतं. माणसांचे श्वास, आणि त्यावर डोंगरातल्या बुलबुलांची बडबड. लाल गाडी, हिरवी गाडी, काळी गाडी, एकामागून एक, जणू झोपलेल्याला उठवायचं नाही म्हणून चवड्यांवर जात होत्या. शेडमधून एक भुंकणं आलं, साधं, कोण आलंय विचारणारं.

तेव्हापासून तीच सलामी झाली. आता तर गाडीत बसायला पैसे देणारे कमी आणि ढकलायला देणारे जास्त येतात. लहान मुलं, नवी नवरा-नवरी, एकदा तर एक भटजी. आणि दरवर्षी दादाच्या गाडीचं स्टेरिंग माझ्याकडे. जिला गाडी येत नाही तीच चालवू शकेल अशी जगातली ही एकच मिरवणूक. दादा खिडकीशी, बुधी त्याच्या टाचेशी.

तो श्रावणात गेला. छातीत दुखतंय म्हणाला, आणि इस्पितळातून परत आलाच नाही. बुधी त्या दिवसापासून कंपाउंडच्या फाटकापर्यंत जाते, रस्त्याकडे बघते आणि मागे वळते. एक पाऊल पुढे नाही. गाडी कव्हरखाली उभी. मी दोघींची धूळ झटकते.

त्यामुळे यंदा बिपीनभाईंचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, गाडी न्या, मी येते, पण बुधी येणार नाही. "शालूबेन, नहीं आएगी तो नहीं आएगी," ते म्हणाले. त्यांना सोपं होतं. मला रात्रंदिवस तेच लागलं होतं. ती नाही आली तर दादाने गटाराशी पालथं पडून, धापा टाकत, एकेका रविवाराने जे मिळवलं होतं ते त्याच्याबरोबरच गेलं असं होईल. माणूस गेला ते मी कसंबसं सोसत होते. हे सोसलं नसतं.

परवाच्या रविवारी कंपूतले लोक गाडी घेऊन गेले. मी दादाचा मफलर गळ्यात घालून बुधीला घेऊन खाली उतरले. फाटकाशी ती थांबली. पट्टा ओढला नाही मी. वॉचमनच्या खुर्चीवर बसले. बराच वेळ. काय बोलावं कळेना, आणि मग तोंडातून आलं ते आईच्या भाषेत आलं. इतक्या वर्षांनी, गंजलेलं.

"चल गो बाय," मी म्हटलं. "भिया नको. मी आसंय."

तिने कान उभे केले. माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. आणि वाकडा पाय पुढे टाकला.

मोठ्या रस्त्याशी तिला उचलणं मला शक्य नव्हतं. मफलर तिच्या कानांवर बांधला. सिग्नल दोनदा जाऊ दिला. मग गेलो.

गल्लीच्या तोंडाशी गाड्या मुक्या उभ्या होत्या. सरोजताईंनी पट्टा माझ्या हातातून घेतला आणि सोडूनच दिला. "तिचं ती बघेल," म्हणाल्या. मी आत बसले. बिपीनभाई आणि आणखी दोघं मागून रेटायला लागले. खिडकीशी कुणी नव्हतं. ती जागा कुणी घेतली नव्हती, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं तरी.

गाडी हलली. आरशात बुधी दिसेना. चढ जवळ आला, आणि उघड्या खिडकीतून नखांचा आवाज आला. टक, टक, टक, आणि मध्ये एक खंड, उचललेल्या पायाचा. मी खाली बघितलं. ती खिडकीशी चालत होती. टाचेशी नाही, कारण टाच नव्हती. जिथे दादा असायचा तिथेच. तिने एकदा मान वर करून आत बघितलं. मी दादा नव्हते. तिने ते नीट बघून घेतलं आणि चालत राहिली.

डोळ्यांत पाणी आल्यामुळे मला पुढचं दिसत नव्हतं. गाडी डावीकडे जायला लागली.

सरळ धर गो, असं कुणी ओरडलं नाही. मी सरळ धरलं.